बरे न करणारी शस्त्रक्रिया

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणी विद्यार्थ्यांचा गौरव नुकताच पार पडला आहे आणि शेजारच्या दालनातून मसालेभाताचा वास येऊ लागला आहे. अशा प्रसंगी कर्करोगावर बोलावयास उभे राहणे हे काहीसे अप्रशस्तच होय, याची आम्हांस जाणीव आहे. चिटणीसांनी आम्हांस 'आरोग्याविषयी चार शब्द' बोलण्याची आज्ञा केली होती. रक्तदाब, मधुमेह, पहाटेचे फिरणे असे निरुपद्रवी विषय हाताशी होते. ते सोडून हा विषय आम्ही मागून घेतला, त्याचे कारण पुढे ओघात येईलच. शिवाय तो मसालेभाताच्या वासाशी वाटतो तितका विसंगतही नाही. कारण मुळात तो माणसाच्या जेवणाविषयीचाच आहे.

अन्नमार्गातील कर्करोग वेळेवर कळला तर तो भाग कापून काढता येतो व कित्येक रुग्ण पुरते बरे होतात. हे प्रथम सांगणे अवश्य आहे, नाहीतर आमचे भाषण ऐकून कोणी तपासणीसच जाणार नाही. परंतु जठर, स्वादुपिंड, पित्ताशय यांचे कर्करोग दीर्घकाळ मुके असतात. त्यांना वाचा फुटते तेव्हा यकृतात गाठी गेलेल्या असतात, किंवा मूळ गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांस अशी बिलगलेली असते की ती सोडवू जाणे म्हणजे रुग्णाचा जीवच घेणे होय. अशा रोगास आम्ही शस्त्रवैद्य 'काढता न येणारा' असे म्हणतो. घरची मंडळी याचा अर्थ 'आता काहीच करता येत नाही' असा घेतात, आणि पहिली चूक तेथेच होते.

कारण अशा रुग्णावर दोन संकटे एकदम कोसळलेली असतात. एक तो रोग, आणि दुसरे, त्या रोगाने अन्नाच्या वाटेत घातलेला बांध. रोग महिन्यांच्या हिशेबाने चालतो, बांध दिवसांच्या. जठराचे खालचे तोंड किंवा त्यापुढची ग्रहणी गाठीखाली दाबली गेली की खाल्लेले पुढे सरकत नाही. सकाळी घेतलेला भात रात्री जसाच्या तसा उलटून पडतो. पुढेपुढे रुग्ण खाणेच सोडतो, तरी ओकाऱ्या थांबत नाहीत. घरातली माणसे आम्हांस विचारतात, "दोन घोट पाण्याखेरीज पोटात काही नाही, मग इतके पडते तरी कोठून?" याचे उत्तर असे की, लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव मिळून निरोगी माणसाच्या अन्नमार्गात दिवसाकाठी सुमारे सात लिटर द्रव उतरत असतो आणि खालच्या आतड्यांत तो पुन्हा शोषला जात असतो. वाट बंद झाली की यातला बराचसा द्रव वरच साचतो व मिळेल त्या मार्गाने बाहेर येतो. असा रुग्ण कर्करोगाने जाण्यापूर्वीच भुकेने आणि तहानेने जातो. तसे त्यास जाऊ द्यावयाचे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्यापैकी ज्यांची आगरे कोकणात आहेत त्यांस पाटाचे पाणी ठाऊक आहे. पाटात एखादा अजस्र धोंडा घरंगळून अडकला आणि तो हलविण्याजोगा नसला, तर शहाणा आगरी धोंड्याशी झगडत बसत नाही. तो अलीकडून एक चर खणतो आणि पलीकडे पाटास नेऊन मिळवितो. धोंडा राहतो, पाणी वाहते. शस्त्रवैद्य नेमके हेच करतो. लहान आतड्याचा वरचा एक वळसा उचलून तो जठराच्या भिंतीशी आणतो, दोहोंस दोन-अडीच इंचांची तोंडे पाडतो व ती एकमेकांस शिवून टाकतो. अन्न बंद दाराकडे न जाता या नव्या दाराने उतरते. गाठीस त्याने हातही लावलेला नसतो. इंग्रजीत या रचनेस बायपास म्हणतात; हृदयाच्या बायपासमुळे तो शब्द आता घरोघरी झाला आहे, परंतु पोटाचा बायपास हा त्याहून पुष्कळ जुना.

त्याचा जन्म व्हिएन्ना येथे १८८१ साली झाला. तेथील विख्यात शस्त्रवैद्य थिओडोर बिलरोथ यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढून उरलेले जठर आतड्यास जोडले व रुग्ण स्त्री त्यातून वाचली. तो दिवस वैद्यकाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिलेला आहे. ती बाई पुढे चार महिन्यांच्या आसपास रोग उलटून वारली, हे मात्र सुवर्णाक्षरांत सहसा कोणी लिहीत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बिलरोथ यांचे साहाय्यक आंटोन व्योल्फ्लर यांनी अशाच एका रुग्णाचे पोट उघडले. गाठ काढण्यापलीकडे गेलेली होती. पोट पुन्हा शिवून टाकणे एवढेच हाती उरले होते. त्या वेळी तेथे हजर असलेले सहकारी निकोलाडोनी यांनी, आतड्याचा वळसा उचलून जठरासच का जोडू नये, असे सुचविले. व्योल्फ्लर यांनी ते ऐकले. पराभव समोर उघडा पडलेला असताना दुसऱ्याची सूचना ऐकून घेणे शस्त्रवैद्यास किती जड जाते हे आम्ही स्वानुभवाने जाणतो, म्हणून आम्हांस त्या सूचनेपेक्षाही ते ऐकणे मोठे वाटते. रुग्णाची ओकारी थांबली, तो खाऊ लागला. बिलरोथ यांची शस्त्रक्रिया रोग काढण्याची, आणि त्याच वास्तूत त्याच वर्षी निघालेली ही दुसरी रोग न काढता माणसास जेवू घालण्याची. थोरलीचे नाव झाले, धाकटी कामास राहिली.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती आमच्या भूषणाची नाही.

१९९३ सालच्या हिवाळ्यात आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. पोस्टातून निवृत्त झालेले, वय साठ-बासष्टीचे, दीड महिन्यात अंगावरचे कपडे ढिले झालेले. पोट हलविले तर अर्ध्या भरलेल्या घागरीसारखा आवाज येई. पोट उघडले तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती, मागच्या रक्तवाहिन्यांत रुतलेली, आणि यकृतावर दोन पांढरे ठिपके. आम्ही वर सांगितलेला चर खणला आणि पोट मिटले. बाहेर त्यांचे थोरले चिरंजीव उभे होते. रात्रीचे दहा वाजले होते, आम्ही थकलेले होतो, आणि टाके चांगले बसले याचे समाधान मनात होते. आम्ही म्हणालो, "ऑपरेशन उत्तम झाले."

यात खोटे अक्षर एकही नव्हते. ऑपरेशन उत्तमच झाले होते. पुढचे वाक्य मात्र आम्ही सकाळवर ढकलले. सकाळी चिरंजीव पेढ्यांचा पुडा घेऊन आले, तेव्हा ते बोलण्याचा धीर आम्हांस झाला नाही. दहाव्या दिवशी रुग्णाने मेतकूट-भात खाल्ला. पंधराव्या दिवशी ते घरी गेले. 'थोडे मुळाशी राहिले आहे, तपासणीस येत जा,' असे काहीसे आम्ही पुटपुटलो, आणि ते कोणी ऐकले नाही; आम्हीही ते ऐकले जावे अशा रीतीने बोललो नव्हतो. वैशाखात नातवाची मुंज झाली. पंक्तीत बसून ते दोन जिलब्या जेवले, असे आम्हांस कौतुकाने कळविण्यात आले. आषाढात डोळे पिवळे झाले आणि पाठीत कळा सुरू झाल्या. त्यानंतर ते पाच आठवडे जगले.

चिरंजीव आमच्याकडे आले ते रागावून नव्हे. त्यांनी शांतपणे सांगितले की, वडिलांचे आणि गावी असलेल्या धाकट्या काकांचे वीस वर्षे बोलणे नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वी वडिलांनी एकदा गावी जाऊन येण्याचा विषय काढला होता. 'आता बरे झाला आहात, पावसाळा सरला की निवांत जाऊ,' असे घरच्यांनीच ठरविले. "डॉक्टर, आम्हांस माहीत असते तर वैशाखातच गेलो असतो," एवढेच ते म्हणाले. आमच्या शस्त्राने त्या गृहस्थांस चार महिन्यांचे जेवण मिळाले होते. आमच्या एका अर्धवट वाक्याने ते चार महिने कशाचे आहेत हे त्यांच्यापासून लपून राहिले. या गोष्टीस तीस वर्षे उलटून गेली. 'उत्तम' हा शब्द शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आम्ही पुन्हा उच्चारलेला नाही.

असो. जठराखेरीज इतर ठिकाणच्या वाटाही अशाच मोकळ्या करता येतात. त्यांचा विस्तार करीत नाही. पित्ताची नळी बंद होऊन कावीळ झाली, अंगास असह्य खाज सुटली, तर पूर्वी पित्तमार्ग आतड्यास जोडीत. आता बहुधा दुर्बिणीतून नळी बसवितात. प्लॅस्टिकची नळी सुमारे तीन महिन्यांत गाळाने बुजते व बदलावी लागते, धातूच्या जाळीची अधिक टिकते. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूस गाठ असेल तर लहान आतडे तिच्या पुढच्या भागास जोडतात. डावीकडे किंवा गुदाशयात असेल तर पोटावर मलमार्ग काढतात. यातला एक जुना प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. फ्रान्समधील रूआँ शहरी १७७६ साली पिलोर नामक शस्त्रवैद्याने गुदाशयाच्या कर्करोगाने कोंडलेल्या एका मद्यविक्रेत्याच्या मोठ्या आतड्यास पोटावर तोंड पाडले. त्यापूर्वी, वजनाने अडथळा फोडावा म्हणून त्या बिचाऱ्यास कित्येक तोळे नव्हे, दोन पौंड पारा पाजण्यात आला होता! पिलोर यांचे काम चोख झाले. रुग्ण अठ्ठाविसाव्या दिवशी वारला तो आत राहिलेल्या पाऱ्याने. काहीतरी केलेच पाहिजे या घाईत केलेला उपाय रोगाच्याही आधी माणसास गाठतो, याचे इतके जड उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

सांप्रत आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. पोट न उघडताच, तोंडावाटे दुर्बीण घालून बंद ग्रहणीत धातूची जाळीदार नळी उघडता येते. मग चिरफाड हवीच कशाला? नेदरलँड्समध्ये यावर एक नेटका प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्ण ३९ होते. १८ जणांस शस्त्रक्रियेचा बायपास, २१ जणांस जाळीची नळी. नळीवाले लवकर खाऊ लागले. परंतु जे अधिक दिवस जगले त्यांच्यात नळी पुन्हा अडण्याचे प्रकार वाढले, आणि बायपासवाल्यांचे खाणे अधिक काळ टिकले. यास्तव त्या वैद्यांनी असे मत दिले की, दोन महिन्यांहून अधिक आयुष्याची अपेक्षा असेल तर शस्त्रक्रिया करावी, त्याहून कमी असेल तर नळी. संख्या लहान आहे, तथापि निष्कर्ष आमच्या अनुभवाशी जुळतो. अलीकडे तर ध्वनिलहरींच्या दुर्बिणीने आतूनच जठर व आतडे एकमेकांस जोडण्याची युक्ती निघाली आहे. ज्या रुग्णालयात ती साधणारे हात आहेत तेथे ती अवश्य विचारावी. व्योल्फ्लर यांचाच चर तो, फावडे तेवढे बदलले.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील वैद्यांनी १९९९ साली दुसऱ्या एका शंकेचा निकाल लावला. पोट उघडले, गाठ निघण्याजोगी नाही असे दिसले, परंतु जठराची वाट अद्याप बंद झालेली नाही. तर पुढचा विचार करून बायपास आताच करून ठेवावा काय? ४४ जणांस तो केला, ४३ जणांस केला नाही. न केलेल्यांपैकी ८ जणांची वाट पुढे बंद झाली, केलेल्यांपैकी एकाचीही नाही. म्हणजे पाचांतील चौघांस त्याची गरज पडली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. परंतु पाचव्यास मरणाच्या दारातून पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागले असते.

आता जेथे ही शस्त्रक्रिया करू नये ती बाजू. एक धोंडा असेल तर चर खणता येतो. पाटात जागोजागी धोंडे पडले असतील तर? अंडाशयाचा किंवा जठराचा कर्करोग पोटभर पसरला, आतड्यास पाचसहा ठिकाणी गाठी धरल्या, पोटात पाणी झाले, तर एक वळसा जोडून काही साधत नाही. उलट जखम भरून येण्याआधीच रुग्ण जातो. अशा रुग्णांविषयी अमेरिका, मेक्सिको, पेरू व कोलंबिया या देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासाचा वृत्तांत २०२३ साली आला. त्या मंडळींनी यश मोजण्याचे जे माप घेतले ते आम्हांस फार आवडले. 'किती जगला' असे न विचारता, पहिल्या ९१ दिवसांपैकी किती दिवस माणूस जिवंत आणि रुग्णालयाबाहेर होता, असे त्यांनी विचारले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांत शस्त्रक्रियावाले आणि औषधावाले दोघांचेही ते दिवस सुमारे ४३ भरले. अर्थात शस्त्रक्रियेस नकार देणारे कुटुंब आप्तास टाकून देत नसते, हे आता आकड्यांनीही सांगता येते.

अशा एका वृद्ध बाईंस आम्ही शस्त्र न लावता घरी पाठविले. स्राव कमी करणारी इंजेक्शने, सूज उतरविणारे औषध, वेदनेस मॉर्फिन, आणि साचलेला द्रव बाहेर पडावा म्हणून पोटाच्या भिंतीतून जठरात एक बारीक नळी. त्या नळीचा उपकार असा की, तोंडाने घेतलेले खालून बाहेर पडत असल्यामुळे बाईंस ओकारीच्या भीतीविना आमसुलाचे सार चाखता येई. पोषण शून्य. पण सार आंबट आहे की तिखट यावर त्या सुनेशी शेवटच्या आठवड्यापर्यंत हुज्जत घालीत होत्या, आणि सून ती हुज्जत आजही सांगते. मॉर्फिन मिळविणे पूर्वी फार जिकिरीचे होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून काहीसे सुकर झाले आहे. मॉर्फिनचे नाव काढताच 'सवय लागेल' म्हणून दचकणारे नातेवाईक आम्हांस अजून भेटतात. ज्याचे आयुष्य आठवड्यांवर आले त्यास सवयीचे भय कोणी घालावे? मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे शुश्रूषाकेंद्र आहे. अशा रुग्णांची काळजी कशी घ्यावी हे तेथे घरच्यांसही शिकवितात. तेथे जाणे म्हणजे आशा सोडणे अशी समजूत आपल्या घरांतून आहे. ती समजूत चुकीची आहे, एवढेच म्हणतो.

रुग्णास सांगावे की न सांगावे हा वाद आम्ही येथे सोडवू शकत नाही. 'बाबांना कळता कामा नये' असे मुलगा आम्हांस दाराबाहेर सांगतो, आणि आत गेलो की बाबा म्हणतात, 'मुलाला कळू देऊ नका, तो खचेल.' दोघेही एकमेकांवर माया करीत असतात आणि दोघेही एकटे असतात. आम्ही हल्ली शस्त्रक्रियेपूर्वी, घरच्या एका वडीलधाऱ्या माणसासमक्ष, रुग्णास इतकेच विचारतो: "तुमचे अन्न खाली उतरत नाही. गाठ आम्हांस काढता येणार नाही, पण अन्नाची वाट करून देता येईल. ती केली तर त्या दिवसांत तुम्हांस काय करावयाचे आहे?" बहुतेकांस अर्थ समजतो. कोणी विचारतो, किती दिवस. त्यास आम्ही 'महिने, वर्षे नव्हेत' असे सांगतो. कोणी काहीच विचारत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वकिलास बोलावून घेतो. एका आजींनी सांगितले, "गणपतीत मोदक मला वळायचे आहेत, खाल्ले नाही तरी चालेल." त्यांनी वळलेही आणि एक खाल्लाही.

आता हा विषय आम्ही मागून का घेतला ते सांगतो. आपल्या मंडळाचा वैद्यकीय साहाय्य निधी आहे. त्याच्या अर्जात सातव्या रकान्यात 'रुग्ण पूर्ण बरा होण्याविषयी डॉक्टरांचा अभिप्राय' असे छापलेले आहे. हा रकाना कोणी वाईट हेतूने घातला असे आमचे म्हणणे नाही. निधी तुटपुंजा, अर्ज पुष्कळ, कोठेतरी रेघ ओढणे भाग होते. परंतु त्या रकान्यापायी गेल्या काही वर्षांत बायपासचे, नळीचे, मॉर्फिनचे अर्ज परत गेले आहेत. त्यांतील दोन अर्जांवर अभिप्राय आमचाच होता. आम्ही खरे लिहिले, 'पूर्ण बरा होणार नाही,' आणि अर्ज परत आला. खोटे लिहिले असते तर पैसे मिळाले असते. डॉक्टरांस खोटे लिहावयास लावणारा रकाना मंडळाने ठेवू नये, अशी आमची विनंती आहे. त्या जागी 'या उपचाराने रुग्णास काय साधेल' असा प्रश्न छापावा, असा ठराव आम्ही लेखी चिटणीसांकडे दिला असून तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. ज्या सभासदांस त्यावर बोलावयाचे असेल, विरोधात असले तरी, त्यांनी अवश्य यावे. मागील सभेस गणपूर्तीही झाली नव्हती.

पाने मांडून झाली अशी खूण वाढपी मघापासून करीत आहेत. काही शंका असतील तर पंक्तीत आमच्या शेजारी बसून विचाराव्यात.